बाबांच्या दुकानातला स्टूल

आई, बाबा,

ताईकडं करमतंय ना? आई, बाबांच्या डोळ्यात ड्रॉप तूच टाकत जा, ते टाकले म्हणतात अन् टाकत नाहीत. फोनवर बाबा "दुकान कसं आहे" विचारतात, मी "चांगलं आहे" म्हणतो, म्हणून आज लिहूनच टाकतो.

दिवाळीनंतर खरं तर फार वाईट चाललं होतं. मॅपवर आपलं मोटर वाइंडिंगचं दुकान टाकलं, रील टाकल्या, गावाच्या ग्रुपवर रेटकार्ड पाठवलं, लोकांनी अंगठे दिले अन् मोटरी वरुडला नेल्या. मग रेट कमी केला तर होत्या त्याही कमी झाल्या, स्वस्तात करतो म्हणजे ॲल्युमिनियमची तार घालत असंल असं पसरलं म्हणे!

आता संत्र्याचा ताण तोडायचे दिवस, आंबिया बहाराला पाणी सोडायची घाई, तर मागच्या सोमवारी एक काका 5 एचपीचा मोनोब्लॉक पंप घेऊन आले. मी म्हटलं ठेवून जा, झाली की फोन करतो. "नाई बाप्पा, माह्यासमोर खोल." मग तुमचा तो डुगडुगणारा स्टूल दिला. खोलली तर दोन फेजच्या कॉइलचा कोळसा अन् तिसरी चकचकीत. बोट लावून दाखवलं, काका, एक फेज उडाला, मोटर दोनवरच गुरगुरत राहिली अन् जळली, स्टार्टर ऑटोवर टाकून झोपले होते ना? ते हसले, "तुले कोनं सांगतलं?" एक फेज गेला की मोटर बंद करणारा प्रिव्हेंटर त्यांनीच मागितला. जळकं कॉपर काट्यावर मोजून त्यांच्या पिशवीत घातलं, नवी तार पण त्यांच्यासमोरच मोजली. वार्निश सुकायला दुसरा दिवस लागणार होता तरी संध्याकाळपर्यंत बसले, तीनदा चहा झाला, अर्धा वेळ जावयाच्या तक्रारी.

त्याच आठवड्यात त्यांच्या शेजारच्या शिवारातल्या तीन मोटरी आल्या. बाबा, बंद मोटरीत आपण काय घातलं ते गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही, अन् मी तुमच्यावर चिडायचो की कायले लोकांना बसवून ठेवता, काम होत नाही.

आता बाजाराच्या दिवशी राजुऱ्याला पण जातो. मिरचीच्या पोत्यांजवळ नुसता उभा राहतो, खिशात टेस्टर. लोक आधी बाबांचा डोळा कसा आहे विचारतात, मग हळूच स्टार्टरचं काढतात. सगळी दुपार जाते त्यात, अन् तेवढ्यात इकडं कोणी येऊन बंद शटर पाहून गेलं की जीव जळतो, खोटं कशाला बोलू. रील बंद नाही केल्या, नंबर शोधायला पडतात कामी.

बरं, तुमची वाइंडिंगची लाल वही सापडली, पण साडेसात एचपीच्या पानावर चहा सांडलाय. 36 स्लॉट वाचता येतंय, तारेचा गेज पण दिसतो, कॉइलला टर्न किती ते दिसत नाही. आठवत असेल तर रात्री फोन करा, मोटर खोलून ठेवलीय अन् मालक उद्या सकाळी येऊन बसणार आहे.

तुमचा,
बाळ्या