नरकासुराचा मुखवटा कागदाचाच हवा

मा. संपादक,
स.न.

गणपतीची चवथ आटोपली की गोव्यातल्या वाड्यावाड्यांवर दिवाळीच्या पहाटे जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्याची जुळवाजुळव सुरू होते. सांगाडा, गवत, हातपाय सगळे मुले रात्र रात्र जागून करतात. मुखवटा मात्र बाजारातून विकत येतो. एकाच साच्यातला तो चेहरा मग म्हापशातही दिसतो आणि मडगावातही. प्लास्टर तर जळतच नाही, पहाटे रस्त्यावर त्याचे तुकडे उरतात. फायबरचा धूर विषारी असतो. कागदाचा मुखवटा वाड्यावर सहज होतो, फक्त दोन फुटी मुखवट्यासाठी दोनेक आठवडे हाताशी हवेत.

आधी असुर सुचायला हवा. मोबाइलवरचे राक्षस उतरवण्यापेक्षा गोव्यातल्या जुन्या बेताळमूर्ती जाऊन पाहाव्यात. वर आलेल्या बरगड्या आणि पोटावर कोरलेला विंचू एवढ्यावर ते शिल्पकार केवढा दरारा उभा करत! मासळी बाजारात शेंगाळा माशाच्या मिशा, कुर्लीचे (खेकड्याचे) डेंगे म्हणजे नांग्या नीट न्याहाळाव्यात. मात्र विचित्र गोष्ट एकच घ्यावी आणि बाकी चेहरा माणसाचा ठेवावा. सगळेच विचित्र केले तर नजर कुठेच ठरत नाही.

पंधरा फुटी नरकासुराकडे लोक खालून पाहतात, हे बहुतेक जण विसरतात. समोर बघणारे डोळे खालून आभाळाकडे लागलेले वाटतात. म्हणून बुबुळे खाली वळवावीत, वरची पापणी जड करावी, नाकपुड्या मोठ्या ठेवाव्यात आणि मुखवटा थोडा पुढे कलता बांधावा.

साच्यासाठी पालथ्या घमेल्यावर वाळूची पोती रचून वर दोन इंच चिकणमाती चढवावी. माती ओलसर असतानाच कागद लावायचा, सुकली की तिला भेगा पडतात. पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा, म्हणजे मुखवटा मातीला चिकटत नाही. पुढचे दहा थर खळीने. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी घेऊन पारदर्शक होईपर्यंत शिजवावे. आपल्या दमट हवेत खळ दुसऱ्या दिवशी आंबते, तेव्हा रोज ताजी करावी. कागद कापू नये, फाडावा. फाटकी कड सपाट बसते, कापलेली उचलते. एक थर वर्तमानपत्राचा, एक खाकी कागदाचा असे आलटूनपालटून लावले की कुठे जागा सुटली ते लगेच कळते. दिवसाला तीनच थर. घाईने सगळे एकदम चढवले तर वरून खडखडीत वाटणारा मुखवटा आतून ओला राहतो, त्याला बुरशी येते आणि साच्यातून काढताना गाल बसतो.

हनुवटीखाली किंवा कानामागे माती आत वळलेली असेल तर मुखवटा तिथे अडकतो. ओढू नये, मागून चीर देऊन सोडवावा आणि चीर कागदपट्ट्यांनी सांधावी. कडेला आतून बांबूची कांबट बांधली की तोंड वाकडे होत नाही. शिंगे वेगळी करून थेट सांगाड्याला बांधावीत. मुखवट्यावरच ती डोलू लागली की मिरवणुकीत कपाळ फाटते. रंग पाण्यातले वापरावेत, ऑइलपेंटचा धूर काळा होतो. डोळ्यांच्या खोबणी आणि गालाखालची बाजू गडद करावी, नाहीतर रस्त्यावरच्या दिव्यांत चेहरा सपाट पडतो.

नरकासुर स्पर्धांच्या आयोजकांना कळकळीची विनंती आहे की, गुण देताना वाड्यावर केलेल्या मुखवट्यासाठी वेगळे गुण ठेवावेत आणि तसे चवथीपूर्वीच जाहीर करावे. दिवाळीच्या तोंडावर नियम कळला, तर कागद सुकायला वेळच उरत नाही.

— एक मूर्तिकार, डिचोली