सोंग, झटके आणि तुमचं "काही नाही रे"

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "नाटकं करणाऱ्यांना दोन ठेवून द्यायच्या, ताडकन उठून बसतात." आई, तू मागून विचारत होतीस, "पण खरं कोण आणि खोटं कोण, हे कळतं कसं रे तुम्हाला?" तेवढ्यात मला आत बोलावलं आणि विषय राहून गेला. फोनवर तो धड सांगता आलाही नसता. म्हणून लिहितो.

सोंग घेऊन लोक येतात, हे खरंच आहे. कॅज्युअल्टीच्या दाराशी आम्ही नर्स मंडळीच उभी असतो, त्यामुळे पहिला प्रयोग आमच्यासमोरच होतो. कुणाला रजेसाठी सर्टिफिकेट हवं असतं. कुणाला उद्याची परीक्षा, कोर्टाची तारीख नाहीतर कोठडी चुकवायची असते. कुणी पोट धरून येतो आणि इंजेक्शनचं नाव, डोस, कुठल्या हाताची शीर चांगली सापडते, हे सगळं स्वतःच सांगतो. बाकी सगळ्या औषधांची त्याला ॲलर्जी असते. घरात वाजलं की झटके येणारे असतात. नातेवाईक आत आले की झटक्याला जोर चढतो, ते बाहेर गेले की एक डोळा किलकिला होतो. वेड पांघरून पेडगावला निघालेलेही भेटतात. शिवाय रात्रीपुरता एक पलंग आणि पांघरूण मिळावं म्हणून छातीत दुखतंय म्हणणारे असतात. त्यांचा मला राग येत नाही.

बाकीच्यांचा येतो. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी बाहेर स्ट्रेचरवर कण्हत असते आणि आतली खाट एका धडधाकट माणसाने अडवलेली असते, तेव्हा बाबांचा उपाय माझ्याही मनात येऊन जातो. त्यात हा माणूस मला "डॉक्टर, डॉक्टर" करतो आणि शेजारी उभ्या असलेल्या खऱ्या डॉक्टरबाईंना "सिस्टर" म्हणतो. पुरुष नर्स असतो हे लोकांना कधी पटणार कोण जाणे. असो.

आता आईचा प्रश्न. कळतं, थोडंफार. खऱ्या बेशुद्ध माणसाची पापणी उघडून सोडली की ती सावकाश मिटत जाते. ही सावकाशी कुणाला ठरवून आणता येत नाही. सोंग घेतलेला पापणीला हात लागताच डोळे गच्च आवळतो. त्याचाच हात त्याच्या चेहऱ्यावर धरून सोडला, तर तो नाकावर न आपटता अलगद बाजूला पडतो. फिटचंही तसंच. अपस्माराच्या झटक्यात डोळे बहुधा उघडे असतात, झटका बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत संपतो आणि मग माणूस बराच वेळ गुंगीत असतो. डोळे घट्ट मिटलेले, मान नाही-नाही केल्यासारखी हलतेय आणि थांबत-थांबत पंधरा मिनिटं हेच चाललंय, असं दिसलं की आम्ही एकमेकांकडे बघतो.

पायाची एक खूण मला फार आवडते. हूवर नावाच्या डॉक्टरने ती १९०८ साली लिहून ठेवली. बाबा, पाठीवर झोपून डावा पाय वर उचला. उजव्या पायाची टाच आपोआप खाली दाबली जाते. "उजवा पाय खाली दाबताच येत नाही" म्हणणाऱ्याच्या टाचेखाली आम्ही हात ठेवतो आणि त्याला डावा पाय उचलायला सांगतो. उजवी टाच आमच्या तळव्यावर चांगली रुतते.

इथे "पकडला!" असं ओरडावंसं वाटतं आणि नेमका इथेच घात होतो. ही खूण एवढंच सांगते की पायापर्यंत जाणारी वाट शाबूत आहे. माणूस मुद्दाम करतोय, असं ती सांगत नाही. एक मोठा वर्ग असा आहे की मज्जातंतूंना कुठे इजा नाही, तरी मेंदूचा त्या अवयवावरचा ताबा सुटलेला असतो. त्यांचा पाय खरोखर उचलत नाही, त्यांचे झटके त्यांना आवरत नाहीत, आणि आपल्याला काय होतंय या भीतीने ती माणसं अर्धमेली झालेली असतात. आमच्याकडे याला फंक्शनल म्हणतात. जुनी माणसं हिस्टेरिया म्हणायची. औषधांना दाद न देणारे झटके म्हणून अपस्माराच्या मोठ्या केंद्रांत जे पाठवले जातात, त्यांच्यातल्या साधारण २० ते ३० टक्के लोकांचे झटके या जातीचे निघतात. त्यातल्या कित्येकांनी वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या खाल्लेल्या असतात. हूवरची खूण त्यांच्यातही दिसते आणि लबाडातही दिसते. खाटेपाशी उभं राहून या दोघांना वेगळं करणारी चाचणी माझ्याकडे नाही, डॉक्टरांकडेही नाही.

आणखी एक तिसरीच जात आहे. रिचर्ड ॲशर या ब्रिटिश डॉक्टरने १९५१ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात तिच्याबद्दल लिहिलं आणि गप्पा हाणण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या बॅरन मुन्चाउझेनचं नाव तिला दिलं. ही माणसं या इस्पितळातून त्या इस्पितळात फिरतात, खोटी लक्षणं सांगतात, पोटावर ऑपरेशनचे व्रण वाढवत जातात. सर्टिफिकेट नको, पैसा नको, फक्त पेशंट म्हणून खाटेवर असायला हवं असतं. लबाडी म्हणावी तर फायदा कुठला? खोटं बोलणं हाच त्यांचा आजार आहे.

बाबा म्हणतील, मग साध्या पाण्याचं इंजेक्शन द्या, बरं वाटलं की ठरला खोटारडा. हे पूर्वी सर्रास चालायचं, अजूनही कुठेकुठे चालतं. पण त्याने काही सिद्ध होत नाही. १९७८ साली दाढ काढलेल्या पेशंटांवर एक प्रयोग झाला. नुसत्या नावाच्या औषधाने ज्यांचं दुखणं कमी झालं होतं, त्यांना मॉर्फिनचा परिणाम रोखणारं औषध दिलं, तर त्यांचं दुखणं पुन्हा वाढलं. म्हणजे "औषध मिळालं" एवढ्या विश्वासावर शरीराने स्वतःचं मॉर्फिनसारखं वेदनाशामक तयार केलं होतं. दुखणं खरं होतं, आरामही खरा होता. मोबाईल बघत बसून "दहापैकी दहा दुखतंय" म्हणणाऱ्याचंही तसंच. वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढलेला माणूस दर वेळी ओरडत नाही. सिकलसेल, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन अंगात असह्य कळा आणणारा जन्मजात आजार, त्याच्या पेशंटांचे यात फार हाल होतात. तपासण्या फारसं काही बोलत नाहीत, आणि नेहमीचा पेशंट असल्यामुळे त्याला इंजेक्शनचं नाव तोंडपाठ असतं. झालं, नशेबाज ठरला.

मागे एक मुलगी आली होती. मान एका बाजूला पिळलेली, डोळे वर चढलेले, जीभ बाहेर, बोलता येत नाही. घरचे वैतागलेले: सकाळी रागावलो तेव्हापासून नाटक चाललंय म्हणे. मधेच दोन मिनिटं सगळं सैल पडायचं आणि मग पुन्हा सुरू. त्यामुळे तर खात्रीच. आमच्यातलंही कुणीतरी "अंगात आलंय" असं पुटपुटलं. आमच्या सीनियर सिस्टरने फक्त विचारलं, कालपासून काय काय औषध घेतलंय? उलटीचं इंजेक्शन. संपलं. काही उलटीच्या आणि मानसिक आजाराच्या औषधांनी, विशेषतः तरुण मुलामुलींना, हे होतं. त्यावरचं औषध शिरेतून दिलं आणि थोड्याच वेळात मान सरळ. रडत रडत तिचं पहिलं वाक्य होतं, "मला सगळं ऐकू येत होतं."

असे पुष्कळ आहेत. रक्तातली साखर उतरलेला माणूस दारू प्यायल्यासारखा बरळतो, मारायलाही धावतो. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर माणूस गडाबडा लोळतो आणि पोट मात्र हाताला मऊ लागतं. "एवढं ओरडण्यासारखं काही नाही" असं वाटायला लावणारं हे दुखणं काही तासांत जीव घेतं. पायाकडून वर चढत जाणारा एक लुळेपणा आहे, त्यात पहिल्या दिवशी तपासण्या जवळजवळ नॉर्मल येतात. बायकांच्या हार्ट अटॅकमध्ये छातीत कळ असेलच असं नाही. मळमळ, धाप, जबडा दुखणं एवढंच असू शकतं. वरून नुकतीच रडलेली असली की "टेन्शन आहे" म्हणून बाजूला बसवायला किती वेळ लागतो?

म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे. नाडी, बीपी, ऑक्सिजन, साखर. छातीत दुखतं म्हटलं की दहा मिनिटांत ईसीजी. शंका मनात कितीही असली तरी ती या सगळ्याच्या नंतर. रोज येणारा, सगळ्यांना नावानिशी माहीत असलेला माणूस असला तरी तेच, कारण लांडगा आला लांडगा आला ओरडणाऱ्याच्या गोष्टीत शेवटी लांडगा येतोच. मी फसलो तर एक ईसीजीचा कागद आणि माझी वीस मिनिटं जातात. अविश्वास चुकला तर काय जातं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

चिमटे काढणं, छातीच्या हाडावर बोटांची पेरं रगडणं, नाकाशी अमोनियाचा बोळा धरणं, हे प्रकार मी बघितले आहेत. शुद्धीची पातळी तपासायला एकदा ठराविक दाब द्यावा लागतो, तो वेगळा. अद्दल घडवायला पुन्हा पुन्हा केलं जातं, त्याला मी हात लावत नाही आणि माझ्यासमोर होऊ देत नाही. यावरून माझं वाजलेलंही आहे.

केसपेपरवरही मी "नाटक करतो" असं लिहीत नाही. "दुखणं १० पैकी १० सांगतो, फोनवर बोलतो आहे, पोट मऊ" असं जे दिसलं तेवढंच लिहितो. २०१८ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सिकलसेलच्या एका काल्पनिक पेशंटची माहिती दोन तऱ्हांनी लिहून शिकाऊ डॉक्टरांना वाचायला दिली होती. ज्यांनी हिणवणाऱ्या शब्दांतली वाचली, त्यांचं पेशंटबद्दलचं मत वाईट झालं आणि दुखणं कमी करण्याचे उपायही त्यांनी हात राखून सुचवले. नाइटला मी चिडून टाकलेला एक शब्द त्या माणसाचा पुढची कित्येक वर्षं पाठलाग करू शकतो.

आणि सोंग उघडच दिसत असेल तेव्हा? उघडं पाडण्यात काही मिळत नाही. उघडा पडलेला माणूस आणखी जोरात पडतो. "तपासण्या चांगल्या आल्या आहेत, आता हळूहळू ताकद येईल," असं म्हणायचं आणि पडदा ओढून घ्यायचा. बहुतेकांना मान राखून उठायला तेवढी वाट पुरते. मग नातेवाईकांना बाहेर बसवून एकच प्रश्न विचारायचा: घरी ठीक आहे ना? पोटदुखीची तक्रार घेऊन वारंवार येणाऱ्या एका बाईने या प्रश्नावर मुकाट्याने बाही वर केली होती. पोटाला काही झालं नव्हतं हे खरंच. तिला फक्त त्या रात्री घरी जायचं नव्हतं.

बाबा, आता तुमच्याकडे वळतो, कारण सोंगात तुम्ही दोघं आमच्या पेशंटांपेक्षा तयार आहात, फक्त उलट्या बाजूने. मागे छाती भरून आली तेव्हा तुम्ही "काही नाही रे, गॅस आहे" म्हणत दिवस काढलात. नशीब, खरोखर काही निघालं नाही. खोटं आजारपण पकडायला माझ्याकडे निदान चार खुणा आहेत. खोटं बरं असणं पकडणं त्याहून अवघड, आणि ते फोनवर तर मुळीच जमत नाही. तुमच्या वयात शरीरही तुम्हाला साथ देतं. डायबेटिस असला की हार्ट अटॅक कधीकधी न दुखताच येतो, नुसता घाम आणि धाप. बीपीसाठी तुम्ही घेता त्या बीटा-ब्लॉकर गोळीमुळे आत रक्तस्राव होत असला तरी नाडी हवी तशी वाढत नाही, म्हणजे मशीनलाही तुम्ही ठणठणीत दिसणार. म्हाताऱ्या माणसाला मोठं इन्फेक्शन झालं तरी ताप येईलच असं नाही. नुसतं असंबद्ध बोलणं, एवढंच.

म्हणून काही झालं तर कॅज्युअल्टीत दारातल्या नर्सला जे आहे ते सांगा. दहापैकी सात असेल तर सातच सांगा, तिला कामं असतील म्हणून दोन नको. दोघांच्या गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत ठेवा, ती पिशवी बरोबर न्या. आई, तू रक्त पातळ करणारी गोळी घेतेस, त्यामुळे डोक्यावर पडलीस तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी दाखवायचं.

आणि उठताना चक्कर येते म्हणून ताईला सांगितलंस, मला नाही. ते डॉक्टरांना सांगितलंस का? नुसतं "हो" लिहू नकोस. कुठल्या दिवशी सांगितलंस आणि ते काय म्हणाले, ते लिही.

तुमचा,
धाकटा