सुबाभळीला नावे ठेवण्याआधी लाकूड वाळवा

मा. संपादक,
स. न.

पंचवटीत आमची जळाऊ लाकडाची वखार दोन पिढ्या चालली. वडिलांच्या पश्चात मी ती सव्वीस वर्षे सांभाळली, आणि या काळात मिसळवाले, मंगल कार्यालयांतले आचारी, भट्टीवाले अशा सगळ्याच गिऱ्हाइकांकडून एकच मागणे ऐकत आलो : बाभूळ द्या, आंबा-चिंच असेल तरी चालेल, पण सुबाभूळ गाडीत भरू नका. चुलीवरच्या मिसळीची हौस वाढल्यापासून शहराभोवती सरपणाला पुन्हा भाव आला आहे, आणि २०२७ च्या सिंहस्थात अन्नछत्रांच्या भट्ट्या पेटल्या की मागणी आणखी चढेल. ती ऐन, धावडा अशा सावकाश वाढणाऱ्या झाडांवर भागवली गेली, तर त्याचा भार त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या डोंगरांवर पडेल. म्हणून हलके समजल्या जाणाऱ्या लाकडाची बाजू मांडण्यासाठी हे पत्र.

सुबाभळीविरुद्ध तक्रारी दोन आहेत. ती धुरावते, आणि तिचा निखारा टिकत नाही. यांपैकी पहिल्या तक्रारीत झाडाचा काहीच दोष नाही. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. असे एक किलो लाकूड चुलीत घातले, तर त्यातल्या अर्धा किलो पाण्याची वाफ करण्यातच सुमारे ३०० किलोकॅलरी उष्णता खर्च होते, आणि ती उरलेल्या अर्धा किलो लाकडातूनच यायची असते. त्यात जाळाची धग उतरल्यामुळे लाकडातून निघणारे वायू पुरते जळत नाहीत, आणि तोच धूर आचाऱ्याच्या डोळ्यांत जातो. बाभूळही ओली असली की धुरावतेच. पण सुबाभूळ बहुधा कुठल्या तरी बांधावरून तोडून त्याच आठवड्यात वखारीत येते आणि दुसऱ्या आठवड्यात चुलीत जाते, त्यामुळे बदनामी तिच्या वाट्याला आली.

येथे धंद्यातली एक गोष्ट कबूल करायला हवी. लाकूड मणावर विकले जाते, आणि ओले लाकूड वजनाला जास्त भरते. वाळवण्यासाठी सहा महिने जागा अडकवायची, पैसा गुंतवायचा आणि वर वजनातली तूट सोसायची, हे कोणत्या वखारवाल्याला परवडेल? मीही अनेक वर्षे ओला माल विकला आहे. एका जून महिन्यात लग्नाच्या स्वयंपाकाला पाठवलेली गाडी आचाऱ्याने शिव्यांसह परत धाडली, तेव्हा कुठे मी मागच्या अंगणात पत्र्याची शेड घालून माल फोडून रचायला लागलो.

दुसरी तक्रार खरी आहे, पण अर्धीच. पूर्ण वाळलेल्या लाकडाच्या एका किलोतून मिळणारी उष्णता जातीजातींत फारशी बदलत नाही. बदलते ती घनता. सुबाभळीचा ढीग मोठा दिसतो, वजनाला कमी भरतो आणि चुलीत सारखे लाकूड सारावे लागते. मात्र गिऱ्हाईक पैसे वजनाचे देत असल्याने, माल वाळलेला असेल तर त्याचे नुकसान होत नाही. तर्रीचे पातेले दिवसभर मंद निखाऱ्यावर ठेवायचे असेल तर बाभळीचे दोन ओंडके जरूर घ्यावेत, पण सकाळचा मोठा जाळ, पाणी तापवणे, भाताचे आधण यांसाठी सुबाभूळ, गिरिपुष्प, निलगिरी उत्तम चालतात. निलगिरी मात्र ओली असतानाच फोडावी. वाळल्यावर कुऱ्हाड दाद देत नाही. सुरूला तर हलके म्हणणेच अन्याय आहे, इतके ते लाकूड जड आणि धगीचे असते. वेडी बाभूळ लोक केवळ काट्यांमुळे टाळतात, एरवी तिचा निखारा गावठी बाभळीच्या तोडीचा असतो. याउलट पांगारा आणि सावर वाळवूनही कागदासारखे भुर्रकन जळतात, त्यांची शिफारस मी करणार नाही. कण्हेरीचे आणि शेराचे लाकूड तर स्वयंपाकाच्या चुलीजवळही आणू नये.

आता मुद्द्याची गोष्ट. नाशिकची मुख्य शाही स्नाने श्रावण-भाद्रपदात, म्हणजे भर पावसात येतात. त्या वेळी कोरडे सरपण हवे असेल, तर ते आधीच्या दिवाळीच्या सुमारास तोडून, मनगटाएवढे फोडून, जमिनीपासून वीतभर उंचीवर हवा खेळेल असे रचून, उन्हाळा खाऊ देऊन मृगाआधी छपराखाली गेलेले असले पाहिजे. ऐन आषाढात निविदा काढून मिळेल ते ओले लाकूड असेल. शहरात वादळात पडणारे गुलमोहर आणि परवानगीने छाटलेल्या फांद्या कित्येकदा मैदानात पडून कुजतात. महापालिकेने हा माल फोडून शेडमध्ये रचला, तरी सुरुवातीपुरता साठा घरचाच होईल.

याचा अर्थ दिसेल ती सुबाभूळ तोडावी असा नाही. शहरात कोणतेही झाड तोडायला १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. सुबाभळीची नवी लागवड करा असेही मी म्हणत नाही, कारण तिचे बी रान व्यापते आणि खाली दुसरे काही उगवू देत नाही. आहे तीच शेंगा वाळण्याआधी तोडावी. बुंध्याला पुन्हा फुटवे येतात, आणि दोन-तीन वर्षांत त्याच खोडावर चुलीजोगे लाकूड तयार होते. ऐनाच्या बाबतीत एवढ्या घाईची अपेक्षाच करता येत नाही.

लाकूड खरेदी करणाऱ्या संस्थांना एवढीच विनंती की निविदेत झाडाच्या जातीऐवजी लाकडाच्या कोरडेपणाची अट घालावी. ती तपासायला यंत्राची गरज नाही. दोन फाळके एकमेकांवर आपटावेत : वाळलेले ठणकते, ओले धप्प वाजते. टोकाला चिरा आणि सुटलेली साल, या खुणाही पाहाव्यात. वखारवाल्याने प्रत्येक थप्पीवर तोडीचा महिना खडूने लिहावा, आणि वाळलेल्या मालाला मणामागे चार पैसे जास्त मागितले, तर गिऱ्हाइकाने ते द्यावेत.

आपला,
एक निवृत्त वखारवाला,
पंचवटी, नाशिक