रात्रपाळीला माणूस हवे : आपल्या वृद्धाश्रमाचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

बोरीकाठच्या आपल्या वृद्धाश्रमाची ओळख अमळनेरकरांना नव्याने करून द्यायला नको. जिनिंगवाल्या शेठजींनी जागा दिली तेव्हा तिथे नुसत्या काटेरी बाभळी होत्या. चोपड्याच्या केळीवाल्या आप्पांनी पुढच्या खोल्या बांधून दिल्या; नुसता चेक दिला नाही, स्लॅब टाकला त्या दिवशी धोतर खोचून मजुरांबरोबर घमेली उचलली. कन्याशाळेच्या मोठ्या बाईंनी निवृत्तीच्या पैशातून सोलर बंब बसवून दिला आणि नावाची पाटी लावू दिली नाही, म्हणून इथेही नाव लिहीत नाही, रागावतील. मिलच्या जुन्या कामगारांनी तुटपुंज्या पेन्शनीतून आणून दिलेले पन्नास-शंभर रुपये पावतीपुस्तकात तेवढ्याच मानाने लिहिलेले आहेत. साने गुरुजी याच गावात प्रताप हायस्कुलात शिकवत आणि छात्रालयातल्या आजारी मुलांची शुश्रूषा स्वतः करीत. सेवा म्हणजे काय हे या गावाला बाहेरून शिकावे लागलेले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये साहित्य संमेलन भरले तेव्हा पाहुण्यांच्या सरबराईला गाव कसे धावले, तेही सर्वांनी पाहिले.

म्हणूनच थोडे मनातले लिहितो. जेवणाचे यजमान आम्हाला कमी नाहीत. वाढदिवस, पुण्यतिथी, पितृपक्षात तर एकाच दिवशी तीन घरांची खीर येते आणि मधुमेहाच्या आजोबांपुढून ती उचलून नेताना आम्हीच वाईट ठरतो. पण रात्री दोन वाजता कूस बदलून द्यायला जे माणूस लागते, त्याच्या पगाराला यजमान आजवर मिळाला नाही. मागच्या दोन आवाहनांना आलेली उत्तरे मोजायला एका हाताची बोटे पुरली. खोलीवर पाटी लावता येते, रात्रपाळीवर लावता येत नाही, एवढेच कारण असावे.

आश्रम सुरू झाला तेव्हा येणारी मंडळी चालती-फिरती होती. आज चौतीसपैकी तेरा जण अंथरुणाला खिळले आहेत. कोणाला पक्षाघात, कोणाचे खुब्याचे हाड मोडलेले, कोणाला स्वतःचे नावही आठवत नाही. अशा माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर माकडहाडावर किंवा टाचेवर लालसर डाग उमटतो, बोटाने दाबला तरी फिका पडत नाही. तो वेळीच दिसला नाही तर जखम व्हायला वेळ लागत नाही, भरायला मात्र महिने जातात. आमच्या सिस्टर रोज आंघोळीच्या वेळी प्रत्येकाच्या टाचा उचलून बघतात आणि वहीत लिहितात. कोण कधी, कुठे पडले याची वही वेगळी आहे. दोन्ही वह्या ऑफिसच्या टेबलावर असतात, कोणीही यावे आणि वाचाव्यात. पडल्याच्या वहीत बहुतेक नोंदी पहाटेच्या आहेत, संडासच्या वाटेवरच्या. रात्री एकच मावशी असते. ती एका खोलीत डायपर बदलत असली की दुसऱ्या खोलीतले "पानी दे माय" तिला ऐकू जात नाही. मग म्हातारी स्वतःच उठते.

रात्रीपुरते हात खाटेला बांधा, असेही एकाने सुचवले. ते या आश्रमात होणार नाही. बांधलेले माणूस सुटायच्या धडपडीत जास्त जोरात पडते, आणि आपल्या वडिलांना कोणी बांधले तर आपण काय म्हणू? ज्येष्ठांसाठी २००७ चा कायदा आहे, जिल्ह्याला किमान एक वृद्धाश्रम असावा असे त्यात लिहिलेही आहे. पण कायद्याचा कागद रात्री हाकेला ओ देत नाही.

मागणे असे: रात्रपाळीच्या दोन सिस्टरांचा वर्षाचा पगार, कठड्याच्या आठ खाटा, तेरा हवेच्या गाद्या, संडास-बाथरूममध्ये धरायला स्टीलचे दांडे, प्रत्येक उशाशी बेल आणि एक मोठा इन्व्हर्टर. हवेची गादी विजेवर चालते, लाइट गेली की बसते, आणि वैशाखात आपल्याकडे लाइटचे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. पारा ४४-४५ वर गेला की पंख्यावाचूनही हाल होतात. म्हातारपणी तहान लागल्याचे नीट कळत नाही, पाणी हातात नेऊन द्यावे लागते. त्यालाही माणूसच हवे. हे सारे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत व्हायला पाहिजे.

आखाजीवरून आठवले. माहेरी आलेल्या लेकी मायेने सांजोऱ्या घेऊन येतात, जरूर याव्यात. पण झोपलेल्या आजीला परस्पर भरवू नये, घास घशात अडकतो. आधी सिस्टरांना विचारावे. त्या उशी लावून बसते करतात आणि खाल्ल्यावर अर्धा तास तसेच बसवून ठेवतात.

देणगी चेकने किंवा ऑनलाइन द्यावी. खाते क्रमांक व क्यूआर कोड पावतीपुस्तकावर आणि आश्रमाच्या फलकावर आहे. ८०-जीची, म्हणजे आयकर सवलतीची, पावती मिळेल, पॅन कळवावा. दोन हजारांवरील रोख रकमेला सवलत नाही, नव्या करप्रणालीतही नाही. खाट किंवा गादी वस्तुरूपाने देणाऱ्यांनी आधी मापे विचारावीत. वायरमन, प्लंबर मंडळींनी एक रविवार दिला तरी पुष्कळ. चौकशी सकाळी १० ते १२, ऑफिसात. भेटायला मात्र कधीही या, रात्री आलात तर जास्त बरे.

आपला,
सचिव, कार्यकारिणीच्या वतीने

ता. क. जुने कपडे कृपया आणू नयेत, दोन खोल्या भरल्या आहेत. मोठ्यांचे डायपर, लार्ज साइझ, कितीही चालतील.