हेडिंगमधला ‘गायब’ हा शब्द

मा. संपादक,

मागच्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत ‘चाकू न लावता मेंदूतली गाठ गायब’ अशी गामा नाइफवर, म्हणजे डोकं न उघडता बाहेरून किरणं देऊन गाठीवर करतात त्या उपचारावर, बातमी आली होती, माहिती चांगली होती पण ‘गायब’ या शब्दासाठी लिहितोय, कारण घरात भोगलंय.

माझी बायको फोन कायम उजव्याच कानाला लावायला लागली तेव्हा तपासण्या केल्या, ऐकण्याच्या नसेवर दोन सेंटिमीटरची गाठ निघाली, कॅन्सर नव्हता. मुंबईला गामा नाइफ केलं, तिथे ही सोय 1997 पासून आहे. सकाळी तेवढीच जागा बधिर करून डोक्याला चार स्क्रूंनी फ्रेम बसवली आणि फ्रेमसकट एमआरआय काढला, मग त्या इमेजवर डॉक्टर आणि फिजिसिस्ट (किरणांचा डोस ठरवणारे तज्ज्ञ) दुपारपर्यंत मिलिमीटरचा हिशोब करत बसलेले. मशीनमध्ये किरणं सोडणाऱ्या कोबाल्टचे 192 सोर्स असतात, एकेक किरण इतका बारीक की वाटेतल्या मेंदूला फारसं काही होत नाही आणि सगळे गाठीवर एकत्र येतात. दुसऱ्या दिवशी घरी आलो, कपाळावर दोन छोट्या पट्ट्या, बस.

सहा महिन्यांनी रिपोर्ट आला, गाठ वाढलीय! तीन रात्री घरात कोणी झोपलं नाही, नातेवाईक म्हणाले तेव्हाच ऑपरेशन करायला हवं होतं. डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं की रेडिएशननंतर अशी गाठ आधी सुजू शकते, मग हळूहळू थांबते किंवा आकसते, त्याला वर्ष दोन वर्षं पण लागतात. हेच आधी सांगितलं असतं तर? आज तिसरं वर्ष आहे, गाठ आहे तिथेच आहे, थोडी लहान झालीय, गेलेलं ऐकू येणं काही परत आलं नाही, आणि डॉक्टर याला यशच म्हणतात.

त्याच बातमीत सीझियम-131 च्या, म्हणजे किरणं सोडणाऱ्या, चकत्यांचंही लिहिलंय, त्यांना अमेरिकेत 2018 ला एफडीएची (तिथल्या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेची) मान्यता मिळाली हे बरोबर, पण त्या डोकं उघडून गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीत ठेवतात हो, मग त्या ‘चाकू न लावता’ मध्ये कशा बसतात?

बातमी वाचून नाशिकहून माझ्या मावसभावाचा फोन आला, त्याच्या सासऱ्यांची गाठ साडेचार सेंटिमीटरची आहे, मेंदूवर दाब आलाय, आणि हा म्हणतो ऑपरेशनची तारीख कॅन्सल करतो, गामा नाइफ करू. गामा नाइफ साधारण तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी, त्यात दाब असला तर आधी ऑपरेशनच लागतं. अर्धा तास समजावलं तेव्हा कुठे सर्जनना विचारून मग ठरवतो म्हणाला.

असे अजून किती जण असतील, म्हणून पुढच्या पुरवणीत एवढी दुरुस्ती छापा ही कळकळीची विनंती.

आपला एक जुना वाचक,
सातारा