ते पित्त नव्हतं

फोंडा, 14 ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

फोनवर सांगायला गेले की आई रडते आणि बाबांना नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. चवथीला गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधताना माझ्या उजव्या बरगडीखाली कळ आली, तिला मी पित्त म्हटलं. आईने सोलकढी दिली, मी प्यायले. ते पित्त नव्हतं. फोंड्याला परतले त्याच रात्री चक्कर येऊन पडले, 108 च्या अ‍ॅम्ब्युलन्सने बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. तुम्हाला 'सलाईन लावलंय' एवढंच कळवलं ते माझ्या सांगण्यावरून; जावयावर राग नको.

यकृतात साडेसहा सेंटीमीटरची गाठ निघाली, अ‍ॅडेनोमा. कॅन्सर नाही. पण पाच सेंटीमीटरच्या वर गेलेली अशी गाठ कधीकधी आतल्या आत फुटते. माझी फुटली. हिमोग्लोबिन सातावर आलं, दोन पिशव्या रक्त चढवलं. आता पोट उघडणार, असंच मला वाटलं होतं. पण रक्त वाहत असताना यकृतावर सुरी चालवणं जास्त धोक्याचं, म्हणून जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वर नेऊन गाठीला जाणारी फांदी आतून बुजवली. मी जागी होते. 'मग यकृत मरणार नाही?' विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, यकृताला बहुतेक रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून मिळतं, गाठ मात्र धमनीवर जगते. बाबा, कुळागरात एकाच पोफळीचं पाणी ढेकूळ लावून अडवता ना, तसं.

आता दुसरं. पाळीसाठी नऊ वर्षं घेतलेल्या त्या गोळ्या गर्भनिरोधकच होत्या. त्यातल्या इस्ट्रोजेनवर अशी गाठ पोसते. आई, फार्मसीत जाऊन तू पाकीट दाखवून विचारलं होतंस, हे मला ठाऊक होतं. तू बोलली नाहीस, मीही नाही. गोळ्या आता कायमच्या बंद.

सहा महिन्यांनी एमआरआय. गाठ आक्रसली तर नुसती नजर ठेवायची. पाचच्या वर राहिली तर ठरवून, सावकाश तेवढा भाग काढतील. गरोदरपणात ती वाढू शकते, त्यामुळे तोवर पाळण्याचा विषय कुणी काढू नये, मावशीनेही.

शेजारच्या काकींचा काढा पाठवू नका. अंगदुखीची गोळीसुद्धा मी विचारल्याशिवाय घेत नाही. देवीला प्रसाद लावून कौल घ्यायचा असेल तर घ्या, पण कौल उजवा आला तरी एमआरआय होणारच.

शनिवारी येतेय. परतताना नारळांची पिशवी बांधून ठेवू नका, जड उचलायला मनाई आहे.

तुमची,
बाय