टपालखर्च बोली सुरू होण्याआधी जाहीर व्हावा

महोदय,

जुनी टपाल तिकिटे, नाणी, पोस्टकार्डे, दुर्मीळ पुस्तके आणि जुने दिवाळी अंक यांचे लिलाव आता व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकच्या गटांवर सर्रास चालतात. बोली दहा-वीस रुपयांनी चढते, त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. भांडण लागते ते लिलाव संपल्यावर, ‘शिपिंग एक्स्ट्रा’वरून. ऐंशी रुपयांना मिळालेल्या लॉटवर, म्हणजे एका बोलीत विकल्या जाणाऱ्या वस्तूवर किंवा वस्तूंच्या संचावर, दीडशे रुपये टपालखर्च सांगितला जातो. विक्रेता म्हणतो, पॅकिंगला खर्च येतो. घेणारा म्हणतो, पावती तर पंचावन्न रुपयांचीच आहे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते, म्हणून हा हिशेब एकदा उघडपणे मांडायला हवा.

2025 मध्ये देशांतर्गत रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले. त्यामुळे ‘रजिस्टरने पाठवा, स्वस्त पडेल’ ही जुनी सूचना आता निरुपयोगी आहे. 1 ऑक्टोबर 2025 पासूनच्या दरांनुसार 50 ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला स्थानिक 19 रुपये आणि देशात इतरत्र कुठेही 47 रुपये लागतात. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की 47 चे 55 रुपये 46 पैसे होतात. पाकीट नेमक्या त्याच व्यक्तीच्या हाती पडावे असे वाटत असेल तर नोंदणीचे 5 रुपये आणि त्यावरचा कर वेगळा. 51 ते 250 ग्रॅमच्या टप्प्यात मात्र अंतर मोजले जाते. पुण्याहून मुंबईला 59 रुपये, नागपूरला 68, गुवाहाटीला 77, शिवाय कर. हे दर पातळ, कागदपत्रांच्या पाकिटाचे आहेत. वस्तूंच्या पार्सलाचे दरपत्रक वेगळे असते.

इथेच पहिली चूक होते. पुण्याहून नागपूरला 50 ग्रॅमचे पाकीट साधारण 55 रुपयांत जाते आणि 52 ग्रॅमचे 80 रुपयांत. दोन ग्रॅमला पंचवीस रुपये! आणि हे दोन ग्रॅम बहुतेक वेळा तिकिटांचे नसतात, तिहेरी गुंडाळलेल्या चिकटपट्टीचे असतात. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा स्वस्तात मिळतो. नेहमी विक्री करणाऱ्याने तो घ्यावा आणि वजन पॅकिंग झाल्यावर करावे, आधी नव्हे. ए-फोर आकाराचा नेहमीचा 80 जीएसएमचा एक कागद 5 ग्रॅम भरतो, एवढे लक्षात ठेवले तरी अंदाज चुकत नाही.

पॅकिंगचा खर्च मागणे गैर नाही, हे घेणाऱ्यांनीही मान्य करावे. तिकिटे ग्लासीनच्या, म्हणजे गुळगुळीत अर्धपारदर्शक कागदाच्या, पाकिटात घालावी लागतात. ती लॉटपेक्षा चारी बाजूंनी एक-एक सेंटीमीटर मोठ्या दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवावी लागतात. एका पुठ्ठ्याच्या नळ्या (आतल्या नागमोडी कागदाच्या रेषा) उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या आल्या तर पाकीट कुठूनच सहज मुडपत नाही. दोन्ही एकाच दिशेने लावले तर नळीच्या रेषेवर घडी पडते आणि आतली तिकिटेही तिथेच मोडतात. पावसाळ्यात सगळ्यावर प्लॅस्टिकची पिशवी हवीच, कारण दमट हवेत तिकिटामागचा गोंद ग्लासीनला चिकटतो. नाणे सुटे टाकले तर ते हाताळणीत कोपऱ्याकडे सरकते, कागद फाडून बाहेर पडते आणि समोरच्याला रिकामे पाकीट मिळते. ते पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये घालून, त्याला मारलेल्या स्टेपलर पिनांची टोके पक्कडीने सपाट करून, होल्डर मोठ्या पुठ्ठ्याला पट्टीने चिकटवूनच पाठवायला हवे. एवढे सगळे नीट केले तरी लहान लॉटचे साहित्य दहा ते पंधरा रुपयांपलीकडे जात नाही. म्हणजे टपाल पंचावन्न, पॅकिंग पंधरा, एकूण सत्तर रुपये हा रास्त आकडा झाला. दीडशे रुपये लावायचे असतील तर वरचे ऐंशी कशाचे, ते सांगायला हवे.

सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते एकाच विक्रेत्याचे अनेक लॉट घेणाऱ्याचे. प्रत्येकी 30 ग्रॅमची चार पाकिटे पुण्याहून नागपूरला वेगवेगळी पाठवली तर करासह जवळपास 222 रुपये होतात. तेच चारही लॉट एका पाकिटात घातले तर पुठ्ठे आणि वेष्टन एकदाच लागते, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास राहते आणि खर्च 80 रुपये येतो. तरीही काही विक्रेते चारही लॉट एकाच पाकिटातून पाठवतात आणि टपालखर्च चौपट घेतात. याला माझ्या मते फसवणूकच म्हणायला हवे. लॉट आठवडाभर राखून ठेवून एकत्र पाठवण्याची सोय द्यावी आणि वजनाचा टप्पा बदलला तरच वाढीव रक्कम घ्यावी.

पुस्तकांची गोष्ट थोडी वेगळी आहे. 1 मे 2025 पासून सुरू झालेल्या टपाल खात्याच्या ज्ञान पोस्ट सेवेत 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि 5 किलोपर्यंत 100 रुपये, शिवाय कर, एवढ्यात पुस्तके जातात आणि ट्रॅकिंगही मिळते. ही सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी आहे. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचे नाव असावे लागते. हे टपाल रस्ता-रेल्वेने जात असल्याने वेळ लागतो, पण जुन्या पुस्तकाला घाई कसली? अनेक विक्रेते ही सेवा सुचवतही नाहीत, थेट कुरिअरचा आकडा सांगतात. मात्र नियतकालिके आणि जाहिराती असलेली प्रकाशने ज्ञान पोस्टात बसत नाहीत, त्यामुळे दिवाळी अंकांना तो दर मिळेल असे गृहीत धरून बोली लावू नये. खोक्यातून काही मागवायचे असेल तर घनफळी वजनही बघावे: बरीच कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात आणि प्रत्यक्ष वजनापेक्षा ते जास्त भरले तर त्यावर पैसे घेतात. 30 बाय 25 बाय 20 च्या खोक्यात एक किलोची पुस्तके घातली तरी आकारणी तीन किलोची होते. खोके मोठे निवडले विक्रेत्याने, मग त्याचा भुर्दंड घेणाऱ्यावर का?

टपालखर्च फुगवण्याची ही युक्ती जुनीच आहे. संकेतस्थळाचे कमिशन फक्त बोलीच्या रकमेवर असले की वस्तू नाममात्र किमतीला लावायची आणि खरी किंमत टपालात वसूल करायची. याच कारणाने ईबेने अमेरिकेत 2011 पासून टपालखर्चावरही कमिशन आकारायला सुरुवात केली. आपल्याकडच्या गटांवर कमिशन नसते, पण फसगत तीच. पाचशे रुपये एकूण खर्च करायची तयारी असलेला माणूस टपाल सत्तर आहे हे कळले तर 430 पर्यंत बोली लावेल. ते दीडशे आहे हे नंतर कळले तर तो सरळ ऐंशी रुपयांना फसला. बाकीच्या बोलीदारांवरही अन्याय होतो, कारण खरा आकडा माहीत असता तर ते कदाचित वेगळ्या ठिकाणी थांबले असते.

कायदाही याबाबत मोघम नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात आणि तिची फोड, टपाल व हाताळणी खर्चासह, दाखवायची असते. शेवटच्या पायरीवर छुपे आकार उघड करण्याच्या प्रकाराचा 2023 च्या ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे ग्राहकाला ऑनलाइन चकवण्याच्या युक्त्यांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट समावेश आहे. घरातला संग्रह एखाद्या वेळी विकणाऱ्याला ई-कॉमर्सचे नियम लागू होत नाहीत, पण आठवड्याला पन्नास लॉट काढणारा तो व्यवसायच करत असतो. अशा विक्रेत्याबद्दल 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. त्यासाठी लॉटच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पैसे भरल्याचा पुरावा आणि पाकिटावरच्या स्टिकरचा फोटो जपून ठेवावा.

घेणाऱ्यांनाही एक सांगायला हवे. साध्या टपालाने पाठवा म्हणून आग्रह धरायचा आणि पाकीट हरवले की पूर्ण पैसे परत मागायचे, हे बरोबर नाही. साध्या टपालाला ट्रॅकिंग नसते. स्पीड पोस्टातही वस्तू गहाळ झाल्यास भरपाई शुल्काच्या दुप्पट किंवा 1000 रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढीच मिळते. म्हणजे 55 रुपयांच्या पाकिटात पाच हजारांचे तिकीट असले तरी हाती शंभरच्या आसपास येणार. महाग लॉटला विमा मागावा आणि त्याचे पैसे कुरकुर न करता द्यावेत.

गटांच्या अ‍ॅडमिननी एवढाच नियम करावा: प्रत्येक लॉटखाली पॅकिंगसह वजन, पाठवणाऱ्याचा पिनकोड, पाठवण्याची पद्धत, पॅकिंगचे रुपये आणि लॉट एकत्र पाठवण्याची मुदत लिहिलेली असावी, वस्तू रवाना झाली की पावतीचा फोटो गटावर टाकावा आणि घेतलेल्या रकमेतून शिल्लक उरली तर ती घेणाऱ्याला परत करावी. यातले काही लिहायचे राहिले असेल त्या लॉटवर बोली सुरूच करू देऊ नये.

आपला,
एक संग्राहक वाचक, पुणे